हशांची वही

३ फेब्रुवारी
उणे २२. वायव्येचा वारा. रस्ता मोकळा.

दुपारी कारेलचा फोन आला. मी उणे बावीस सांगितलं, ती म्हणाली मॉन्ट्रियलला उणे चौदा. मग सवयीने फोन गिलेनला द्यायला मागे वळलो. बायको जाऊन दीड वर्ष होऊन गेलं, तरी अजून वळतो.

पोरीचं काम होतं. तिचा गाडीवाला दाव्हिद बर्फावर घसरून घोटा मोडून बसलाय. चार एप्रिलला मॉन्ट्रियलला तिच्या नव्या कार्यक्रमाचा पहिला मोठा प्रयोग. त्याआधी हे विनोदवाले लहान गावांत चाचपणीचे प्रयोग लावतात. तिकीट निम्मं, आणि लोकांवर विनोद घासून बघायचे. जो चालत नाही तो काढून टाकायचा. तिने मुद्दाम आमच्या बाजूची गावं घेतलीत. मला विचारलं, गाडी चालवशील का?

चौतीस वर्षं मी सरकारी रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. मला हे विचारायचं असतं का? म्हटलं, माझ्या व्हॅनचे टायर बघून सांगतो. बघितले, चांगले आहेत.

खरं लिहायचं तर मला धास्ती वाटते. अकरा वर्षं ती एकटी उभी राहून लोकांना हसवते. आधी विनोदाच्या शाळेत ते शिकली, मग दारूच्या गुत्त्यांत सहा-सहा माणसांपुढे बोलली, मग मोठ्या नावाच्या लोकांआधी दहा-दहा मिनिटं. गिलेन दोनदा जाऊन बघून आली. मी एकदाही गेलो नाही. रात्रपाळी आहे असं सांगायचो, कधी कधी ती खरंच असायची. तीन वर्षांपूर्वीचा तिचा स्वतःचा कार्यक्रम आपटला. हाही आपटला तर निर्माता पुन्हा उभं करणार नाही, मग दुसऱ्यांसाठी टीव्हीचे विनोद लिहायचे. हे मला तिने नाही, पेपरने सांगितलं.

८ फेब्रुवारी
माँ-जोली. दीडशे माणसं.

आत जाताना मी तिला म्हटलं, छान होऊ दे सगळं. तिने कपाळाला हात लावला. रंगमंचावर जाणाऱ्याला शुभेच्छा द्यायच्या नसतात म्हणे, अपशकुन होतो. एक घाण शब्द म्हणायचा असतो, आणि ऐकणाऱ्याने त्याचे आभार मानायचे नसतात. तो शब्द गिलेनने आमच्या घरात चौतीस वर्षं येऊ दिला नव्हता. माझ्या तोंडून निघाला नाही.

मला काम मिळालंय. मागच्या रांगेत बसून हशा मोजायचा. बारीक हशाला एक रेघ, मोठ्याला दोन, टाळी पडली तर गोल, काहीच नाही तर फुली. तिने नवी वही घेऊन दिली. ट्रकवर मी अशीच वही ठेवायचो, किती सेंटिमीटर बर्फ, रस्त्यावर किती मीठ टाकलं. हे काम मला जमतं.

पहिल्या अर्ध्या तासात नऊ फुल्या. कारेल म्हणाली, तू शुभेच्छा दिल्यास ना. पण 'शेजारी' नावाचा भाग आला आणि रेघा सुरू झाल्या. वीस मिनिटं ती एका शेजाऱ्याबद्दल बोलते. हा माणूस पावाच्या पिशव्यांच्या प्लास्टिकच्या चिमट्या कॉफीच्या डब्यात साठवतो. फोन आला की तापमान सांगतो आणि बायकोकडे देतो.

मी चटकन ओळखलं. हा आमचा ओव्हिला. तो एक नंबरचा चिक्कू आहे आणि आमचं कुंपण एक आहे. उद्या त्याच्या कानावर गेलं तर?

(चिमट्या मीही ठेवतो, पण त्या उपयोगाच्या असतात.)

१० फेब्रुवारी
आम्की. दरीत वारा भरलेला, दोनदा थांबावं लागलं.

शेजाऱ्याचा भाग लांबलाय. त्याची मुलगी एक दिवस सांगते की मी मॉन्ट्रियलला विनोदी नटी व्हायला चालले. शेजारी काही न बोलता बाहेर जातो. पंधरा मिनिटांनी आत येतो आणि म्हणतो, "पुढचा डावा टायर बदलायला झालाय." यावर दोनशे माणसं पोट धरून हसली. मी दोन रेघा आणि गोल काढला, पण यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता. कारेल गेली तेव्हा मीही टायर बघितले होते. बघायलाच हवेत.

आणखी एक. या शेजाऱ्याची बायको वारलेली आहे. तिच्या अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन तो सांगतो की परत जाताना एकशे बत्तीस नंबरच्या रस्त्याने जा, दुसरीकडे खोदलंय. म्हणजे ओव्हिलाच्या बायकोला कारेलने मारून टाकलं! ल्युसील चांगली धडधाकट आहे, परवाच माझ्याकडे वाटाण्याचं सूप पाठवलं तिने. विनोदासाठी जित्याजागत्या बाईचा बळी घ्यायचा म्हणजे अती झालं. परत येताना मी कारेलला हे बोललो. ती म्हणाली, "बघते मी, पापा."

११ फेब्रुवारी
उणे २६.

ओव्हिलाकडे जाऊन सांगून आलो की पुढच्या शनिवारी रात्री मुक्काम बाहेर आहे, तेव्हा गिलेनच्या गाडीला इंजिन गरम ठेवायची विजेची तार तेवढी लाव. संध्याकाळी आठला लाव, सकाळी सातला काढ. मागच्या वेळीही त्यानेच लावली होती. तो 'बरं' म्हणाला, जास्त विचारलं नाही. इतक्या थंडीत गाडीला तार लावली नाही तर इंजिन गोठून बसतं, हे त्याला माहीत आहे.

असा शेजारी मिळायला नशीब लागतं, आणि माझी पोरगी त्याची टिंगल करून पोट भरते. रात्री झोप नीट लागली नाही.

१७ फेब्रुवारी
त्र्वा-पिस्तोल.

मी ठरवलं, जे व्हायचं ते समोरासमोर होऊ दे. ओव्हिलाला बरोबर नेलं. ल्युसीलला सर्दी झाली म्हणून ती आली नाही, हे देवाचे उपकार. तार लावायचं काम तिच्यावर सोपवलं.

शेजारी सुरू झाल्यावर मी हशा मोजायचं सोडून ओव्हिलाकडे बघत होतो. पहिल्या चिमटीपासून त्याचे खांदे हलायला लागले. टायरपाशी त्याने चष्मा काढून डोळे पुसले. संपल्यावर मी त्याला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, पोर आहे, मनावर घेऊ नकोस. 

"मी कशाला मनावर घेऊ?" तो म्हणाला. "तू घेऊ नकोस म्हणजे झालं, लेका."

मोठ्या मनाचा माणूस. मी उगाच इतके दिवस जीव टांगणीला लावला होता.

१८ फेब्रुवारी
परतीच्या वाटेवर कारेलला सिल्व्हँचा फोन आला. हा तिचा दिग्दर्शक, मॉन्ट्रियलला बसून माझ्या वहीची पानं फोनवर बघतो. तो मोठ्याने बोलतो, मला सगळं ऐकू आलं. म्हणाला, अख्ख्या कार्यक्रमात दम आहे तो शेजाऱ्यातच, पण त्याला शेवट नाही. लोक हसतात आणि मग हवेत लोंबकळत राहतात. "हा शेजारी तुझा कोण लागतो, कारेल? तुला त्याचं काय पडलंय? ते कळत नाही तोवर हे नुसते चुटके आहेत." मातानच्या प्रयोगापर्यंत शेवट सापडला नाही तर तो भाग काढायचा, असं ठरलं.

फोन ठेवल्यावर मी माझं मत दिलं. म्हटलं, काढून टाक. त्या माणसात विशेष काही नाही.

ती खिडकीबाहेर नदीवरचा बर्फ बघत होती. तिचं नाक लाल झालेलं दिसलं, म्हणून मी हीटर वाढवला.

२४ फेब्रुवारी, सकाळ
मातानचं मोटेल. प्रयोग काल झाला.

कारेलने नवीन शेवट बोलून बघितला. लिहितो, जसा ऐकला तसा. शेजाऱ्याच्या बायकोची गाडी अजून अंगणात उभी आहे. रोज संध्याकाळी आठ वाजता शेजारी कोट चढवून बाहेर जातो आणि त्या गाडीला तार लावतो. सकाळी सातला काढतो. गाडी कुठेच जात नाही. अख्ख्या गावात सगळ्यात गरम इंजिन त्या गाडीचं, आणि तिला चालवणारं कुणी नाही.

लोक आधी हसले, मग थांबले. मी पेन्सिल टेकवली होती, पण रेघ मारायची की फुली हे कळेना.

ओव्हिलाच्या अंगणात एकच गाडी आहे. त्याची बायको घरी नाक शिंकरत बसली होती.

मी उठून बाहेर आलो आणि व्हॅनमध्ये बसलो. चिमट्या, फोन, टायर, एकशे बत्तीस नंबरचा रस्ता. सहाशे माणसं तरी झाली असतील आतापर्यंत, सगळी हसली, आणि मी मागे बसून एकेक हशा इमानाने लिहून घेतला. माझ्यासारखा गाढव दुसरा नसेल. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हे.

कारेल प्रयोग संपवून आली.  आता ती सामान भरतेय.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
घरी पोचलो. उणे ११.

निघाल्यावर पहिले दहा-बारा किलोमीटर गप्प. मग मी म्हटलं, ओव्हिलाला वाटेल की... आणि पुढे काही सुचलं नाही.

"पापा, तो ओव्हिला नाही."

"कळलं मला."

"कधी?"

"काल. गाडीच्या वेळी."

"टायरच्या वेळी नाही कळलं?"

"टायर सगळेच बघतात."

ती हसली आणि त्यातच रडायला लागली. म्हणाली, पाच महिने ती हे लिहितेय. मध्ये नाताळात घरी आली होती तेव्हा तिने वरच्या खिडकीतून मला तार लावताना बघितलं, सलग चार संध्याकाळी. मला विचारायचा तिला धीर झाला नाही. आमच्या घरात काही विचारायचं असलं की गिलेनला विचारायचं आणि ती मला विचारणार, अशी पद्धत होती. रंगमंचावर 'माझे वडील' हे शब्द तिच्या तोंडातून निघेनात, म्हणून शेजारी. मुद्दाम आमच्याकडची गावं घेतली ती यासाठी, की मी कधीतरी येऊन ऐकेन आणि काहीतरी म्हणेन. दाव्हिदचा घोटा मात्र खराच मोडला आहे, हे तिने दोनदा सांगितलं.

"तू नको म्हणालास तर आजच काढते," ती म्हणाली. "रागावून नाही म्हणत. पण ते काढलं तर माझ्याकडे उरतात ते नुसते विनोद. तसे सगळ्यांकडे असतात."

मी रागावलो होतो का? होतो. गिलेनच्या अंत्यविधीला मी काय बोललो ते शेकडो लोकांनी तिकीट काढून ऐकलं. पण ते पोरीने असं पाठ केलं होतं की एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझं बोलणं इतकं नीट कुणी ऐकलेलं मला आठवत नाही.

मग तिने विचारलं. "का लावतोस, पापा?"

मेतीच्या अलीकडे रस्ता नदीला लागतो तिथे मी गाडी बाजूला घेतली. गाडी चालवताना मला हे बोलता आलं नसतं.

"तुझी आई जुलैत गेली," मी म्हटलं. "जुलैत तार लागत नाही. त्या वर्षी शेवटची लावली ती मार्चात कधीतरी. ती शेवटची आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मग नोव्हेंबर आला, थंडी पडली. आता लावली नाही तर ते मी ठरवून बंद केलं असं होणार. तिने सांगितलं नव्हतं बंद कर म्हणून."

कारेलने माझा हात धरला. हातमोज्यावरून धरला, तरी कळत होतं.  मागून बर्फाचा ट्रक आला, चालवणारा ओळखीचा होता, त्याने भोंगा वाजवला.

मी डोळे पुसून म्हटलं, हे लोकांना सांगायचं नाही. तिने मान डोलावली. बाकीचं सगळं सांग, म्हटलं, चिमट्या, टायर, काय ते. आणि शेजारी म्हणू नकोस. ओव्हिलाची विनाकारण बदनामी होते.

९ मार्च
रिमूस्की. उणे ६, रस्ता चिखल.

'माझे वडील' म्हणून पहिल्यांदा बोलली. तोच टायर, तेच शब्द, आणि हशा दुप्पट. मी मोजत होतो. आपल्यावर हसतायत हे माहीत असताना मोजणं निराळं. मध्येच कान तापले, एक पान चुकलं. पण या लोकांच्या हसण्यात टिंगल नव्हती. पुढच्या रांगेतला एक माणूस शेजारच्या बाईला कोपराने ढोसत होता, म्हणजे त्यांच्या घरातही एक आहे.

शेवट मात्र अजून तसाच. गाडीपाशी येऊन कारेल थांबते, आणि लोक वाट बघतात की पुढे काय.

१६ मार्च
सिल्व्हँ काल स्वतः आला होता, रिव्हिएर-दू-लूला. प्रयोगानंतर आम्ही तिघं बटाटे आणि चीज खायला बसलो. तो मला म्हणाला, मोस्यू रोझेर, तुमची मुलगी दारापर्यंत नेते आणि दार उघडत नाही. तुम्हाला माहीत आहे का आत काय आहे? मी म्हटलं, मीठ द्या इकडे.

कारेल एक अक्षर बोलली नाही. तिने वचन पाळलं, आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या. दिवस उरलेत एकोणीस. माझ्या एका 'नाही'मुळे पोरीचा अकरा वर्षांचा घास अडकलाय. मी फोन करून हो म्हणू शकतो. आज तीनदा फोन हातात घेतला. एकदा तर लागलाही, तेव्हा उणे नऊ सांगितलं आणि ठेवला.

गिलेन असती तर तिने दोन मिनिटांत निकाल लावला असता.

३० मार्च
अधिक ५. आज तार लावायची गरज नव्हती. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मागच्या वर्षीही असंच झालं होतं. ओव्हिला कुंपणाशी आला, म्हणाला, गाडी थोडी फिरवून आण, टायर बसतील. आम्ही दोघं पाद्रीबाबांच्या घरापर्यंत जाऊन आलो. गाडीत अजून तिच्या पेपरमिंटचा वास आहे.

ठरवलंय. मॉन्ट्रियलला गेल्यावर कारेलला सांगायचं, बोल तुला हवं ते.

५ एप्रिल, सकाळ
कारेलचं घर, मॉन्ट्रियल. ती झोपलीय. कॉफी कुठे ठेवते ते सापडलं नाही.

काल प्रयोगाआधी मी आत गेलो. ती आरशासमोर बसली होती, हात थंडगार. मी म्हटलं, ते जुलैचं तू सांगितलंस तर चालेल मला. तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"नको, पापा. ते तू मला दिलंयस."

मग मी तो घाण शब्द म्हटला, जोरात. गिलेन, माफ कर. कारेलने आभार मानले नाहीत.

आठशे माणसं. मला मागची रांग दिली होती, मी मागून घेतली होती. वही मांडीवर. विसाव्या मिनिटापर्यंत एक फुली नाही. टायरला टाळ्या इतका वेळ चालल्या की ती पाणी पिऊन आली. मग अंगण, कोट, आठ वाजता तार, सात वाजता तार. गावातलं सगळ्यात गरम इंजिन. लोक हसले, आणि हळूहळू गप्प झाले. आता ती नेहमीच्या ठिकाणी येऊन थांबली.

"मी त्याला विचारलं, का लावतोस," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना सरळ काहीतरी विचारलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सांगितलं."

ती आमच्या सगळ्यांकडे बघत उभी राहिली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"तुम्हाला नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही आपापल्या घरी विचारा."

रंगमंचावरचा दिवा विझला. आधी काहीच आवाज आला नाही, मला वाटलं संपलं सगळं, फुली. आणि मग आठशे माणसं उठून उभी राहिली. खुर्च्या इतक्या एकदम मिटल्या की मी दचकलो. माझी पोर तिथे पुढे एवढीशी दिसत होती, दोन्ही हात तोंडावर. मला तिचा असा अभिमान वाटला की उभं राहायचं राहून गेलं.

माझ्या शेजारची बाईही उठली नव्हती. माझ्याच वयाची, जांभळा स्कार्फ. पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर तिने आपला कोट ठेवला होता. ती समोर बघत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, काय सांगितलं असेल हो त्याने?

चौतीस वर्षं मी ट्रकमध्ये एकटा बसलेला माणूस. अनोळखी बाईशी हवामानापलीकडे कधी बोललेलो नाही. टाळ्या चालू होत्या, म्हणून मला तिच्या कानाशी वाकावं लागलं. मी तिला सांगितलं. जुलैपासून सगळं.